आईची पथारी

धक्का बसला तेव्हा माझं तोंड उघडं होतं. पनवेलच्या एका दातांच्या दवाखान्यात मी खुर्चीवर आडवी पडले होते, गालात कापूस कोंबलेला, अर्धी जीभ बधिर, आणि डॉक्टरबाई माझ्या दाढेत घरघर करत काहीतरी कोरत होत्या. खुर्ची खालून हलली. एकदाच, आणि फार थोडी. आपण पाटावर बसलेलो असताना कुणी पाटाला पाय लावून जावं तशी. मी लगेच वर पाहिलं. ही माझी सवय. इतर बायका कुणाच्या नव्या घरी गेल्या की पडदे बघतात, फरशी बघतात. मी वर काय टांगलंय ते बघते. पंखा, दिवा, आकाशकंदील, काहीही चालतं. टांगलेली वस्तू थाप मारत नाही. पण या खोलीत टांगलेलं काहीच नव्हतं. एक मोठा दिवा होता, तो लोखंडी दांड्याला घट्ट आवळलेला आणि थेट माझ्या डोळ्यांत घुसणारा. ‘‘हलू नका ना मॅडम,’’ डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि मग त्यांना मी काय काम करते ते आठवलं असावं, कारण त्यांनी यंत्र बंद केलं. ‘‘अहो, तुम्ही भूकंपवाल्या ना? मग सांगा की, मोठा येणारे का?’’ कापसाच्या आडून मी जे बोलले ते त्यांना कळलं नाही. कापूस नसता तरी त्यांच्या हाती फारसं काही लागलं नसतं.

तो भूकंप नव्हताच. मागच्या गल्लीत नव्या इमारतीचा पाया खणत होते, तिथे काहीतरी जड पडलं होतं. मला हायसं वाटायला हवं होतं, पण मला राग आला. दिवाळीपासून माझं हे असंच चाललंय. लिफ्ट थांबली की माझा हात भिंतीला जातो. वरच्या मजल्यावरचं वॉशिंग मशीन कपडे पिळायला लागलं की मी माझ्या चहाच्या कपाकडे टक लावून बसते. माझं ऑफिस म्हणजे भिंतभर पडदे, आणि पडद्यांवर जमिनीच्या हालचालींच्या रेघा. रेघ थरथरली की कुठे, किती खोल, किती मोठं, हे आम्ही सांगतो. झालेलं सांगतो. होणारं सांगत नाही, कारण ते आजवर कुणालाच सांगता आलेलं नाही. कुठल्या भागात धोका जास्त, कुठली घरं कच्ची, एवढं आम्ही अंदाजाने मांडू शकतो. दिवस आणि वार विचाराल तर आम्ही आणि पोपटवाला ज्योतिषी सारखेच. हे मी रिक्षावाल्यांना सांगितलंय, लग्नाच्या पंगतीत सांगितलंय. लोक मान डोलावतात, सगळं ऐकून घेतात, आणि मग आवाज खाली आणून विचारतात, ‘‘ते झालं, पण आतलं काय?’’ मला वाटतं माणसाला एखाद्या गोष्टीचं उत्तर नाही हे कळतं, पण ते उत्तर आपल्यापासून लपवलेलं नाही हे काही केल्या पटत नाही.

खुर्चीतून उतरले आणि फोन पाहिला. केसरकाकूचे लागोपाठ कॉल येऊन गेले होते. केसरकाकू म्हणजे गावाकडची आमची शेजारीण. ती उगाच फोन करणारी नव्हे, फोनला ती शेगडीसारखं लांबून हात लावते. तिला उलट फोन करायचा सोडून मी आधी फोनवर आमच्या गावच्या यंत्राची रेघ उघडली. हे वेडेपणाचं आहे, पण मी ते केलं. दिवेआगरच्या अलीकडे आमचं गाव आहे, समुद्राला लागून, सुपारीच्या वाड्यांचं. दिवाळीच्या सुमाराला तिथे लहान लहान धक्के सुरू झाले. खालून आधी गुरगुर, मग मांडणीवरची भांडी वाजायची, मग कुत्री. एकटादुकटा धक्का असता तर लोक विसरले असते, पण ते येतच राहिले, कधी दिवसाआड, कधी एका दुपारी पाच-सहा. अशी मालिका कधी काही महिन्यांनी आपोआप विझते, कधी तिच्या पोटातून मोठा निघतो, आणि आधी दोन्ही अगदी सारख्या दिसतात. आमच्या ऑफिसला तिथे एक यंत्र बसवायचं होतं. खडक वर आलेला हवा, वर्दळ नको, आणि राखायला विश्वासाचं माणूस हवं. असा खडक आमच्याच परसात होता. सरकारी गाडी आली, दोन माणसांनी खड्डा खणला, त्यात यंत्र ठेवून वर झाकण घातलं, आणि राखणीला माझी आई, रखमा, जिची शाळा दुसरीत सुटली होती. ती यंत्राच्या झाकणावर सकाळी झाडू फिरवते, आणि तो झाडू मला पनवेलमध्ये दिसतो. ती परसातून चालली की रेघेला बारीक काटे फुटतात. विहिरीकडे जाणारे काटे लहान होत जातात, येताना मोठे, आणि येताना जरा जड, कारण कळशी भरलेली असते. कामाला लागल्यापासून मला आईची इतकी खबर कधी नव्हती. त्या दिवशी सकाळपासून रेघेला एकही काटा नव्हता. नुसता समुद्र चालू होता. मी केसरकाकूला फोन लावला. ती म्हणाली, ‘‘रखमी तापानं फणफणलीय, काल सांजेपास्नं उठली न्हाय. तू ये गो.’’

एस्टीत खिडकीशी बसले तेव्हा गाल अजून माझा नव्हता. बोटाने दाबला तर दुसऱ्या कुणाचा गाल दाबावा तसा लागत होता. पनवेल सुटल्यापासून रस्ता जो आदळायला लागतो तो थेट माणगावपर्यंत; या रस्त्यावर खरा भूकंप झाला तर ड्रायव्हरला कळणारही नाही. मी डोळे मिटले आणि त्या सपाट रेघेचाच विचार करत राहिले. सपाट म्हणजे अगदी सपाट नव्हे. किनाऱ्यावरच्या यंत्राला समुद्र सतत ऐकू येतो. लाटा किनाऱ्यावर आणि आत खोल कुठेतरी एकमेकींवर आपटतात आणि त्यांचं एक हळू, लांब हेलकावणं जमिनीतून कायम चालू असतं, दिवस नाही रात्र नाही. माणसाला ते जाणवत नाही. यंत्राला तेवढंच जाणवतं. त्यामुळे आमचं पहिलं काम म्हणजे समुद्र गाळून टाकणं. एक बटण दाबलं की तो जातो आणि खालचे बारीक धक्के उघडे पडतात. ज्या समुद्राच्या आवाजाशिवाय मला लहानपणी झोप यायची नाही तो मी रोज सकाळी ऑफिसात जाऊन पुसते. आईला हे एकदा सांगितलं होतं. ती म्हणाली, ‘‘आनि पगार कशाचा देतात?’’

घाटात गालाला मुंग्या यायला लागल्या आणि दाढ ठणकू लागली. बाहेर काळा कातळ चालला होता, ओला असल्यासारखा चकाकणारा. हा सगळा लाव्हा. माणूस नव्हता तेव्हा जमिनीला भेगा पडून तो उकळत बाहेर आला, थरावर थर साचला आणि थिजला. शाळेत बाबांनी, म्हणजे महिपत गुरुजींनी, आम्हाला हा कातळ हात लावून दाखवला होता. ते म्हणाले होते, ‘‘बघा, आग होती ही. आता तिच्यावर आपण चटणी वाटतो.’’ वर्गातली सगळी पोरं हसली. मी हसले नव्हते. मला वाटलं होतं, मग ती पुन्हा पेटणार नाही कशावरून? बाबांना विचारलं तर म्हणाले, नाही पेटणार, ती केव्हाच विझली. इतक्या ठाम आवाजात मला त्यानंतर कुणीच काही सांगितलेलं नाही. मी जे काम धरलं ते त्या आवाजाच्या लोभानेच धरलं असणार. आणि मिळालं काय, तर रोज उठून ‘सांगता येत नाही’ म्हणायची नोकरी.

आणि तो स्लॅब. घाट उतरताना मी त्याच्यापासून लांब पळत होते, पण तो काही डोक्यावरून उतरत नव्हता. गोष्ट साधी आहे. काही वर्षांपूर्वी जून महिन्यात वादळ आलं, आख्ख्या किनाऱ्याला ठाऊक असलेलं. आदल्या दिवशी ग्रामपंचायतीची रिक्षा भोंगा लावून गावभर फिरली. आई पत्र्याच्या पेटीत कागद, बाबांचा फोटो आणि बुद्धाची छोटी मूर्ती घालून शाळेत जाऊन बसली. वारा आला आणि गेला. ती परत आली तर घराला चार भिंती होत्या आणि वर आभाळ. कौलं, पत्रे, वासे, काही नाही. मागच्या सुपाऱ्या मधोमध मोडून पडलेल्या. त्या वर्षी गावाने एकच धडा घेतला: छप्पर जड पाहिजे. वाऱ्याच्या बापाला उचलता येऊ नये असं. ज्याला जमेल तसा तो स्लॅब घालू लागला, बहुतेकांनी जुन्याच चिऱ्याच्या भिंतींवर, खांब नाही, तुळई नाही, भिंतीच्या माथ्यावर साधा बांधून धरणारा पट्टाही नाही. आमच्याही घरावर पडला. पैसे माझे होते आणि मला आनंदच झाला होता. भूकंप माझ्या डोक्यात होता, पण तो दुसऱ्यांच्या गावचा. बौद्धवाडीतला तो पहिला स्लॅब. आई संध्याकाळी शिडी लावून वर जाऊन बसायची, काही काम नसताना. कोकमं वाळत घालायची, सुपारी वाळत घालायची, आणि खालून जाणाऱ्या प्रत्येकाला वरून हाक मारायची. आयुष्यभर खालून वर बघून बोललेली बाई. मग दिवाळीत जमीन हलायला लागली, आणि गावाने ज्याच्या भरवशावर झोप घेतली होती तेच गावाच्या उरावर येऊन बसलं. आईने मला फोनवर विचारलं, ‘‘बाय, आत झोपू का?’’ मी म्हणाले, काही दिवस नको. तिने परसात नारळाच्या झापांचा मांडव घातला आणि त्यात पथारी टाकली. तो एवढासा प्रश्न आणि एवढंसं उत्तर.

आई मांडवातच होती. बाजेवर, गोधडीत गुंडाळलेली, आणि श्वास घेताना छातीत जुना दरवाजा उघडल्यासारखा आवाज. कपाळाला हात लावला तर तापलेलं. गोधडी वरून दमट होती. माघातलं दंव झापांतून सरळ खाली येतं. मला बघून ती म्हणाली, ‘‘तोंड का सुजलंय तुझं?’’ मी तिला रिक्षात घालून श्रीवर्धनला नेलं. डॉक्टरने छाती तपासली, सुया दिल्या, गोळ्या दिल्या, आणि माझ्याकडे बघून स्वच्छ सांगितलं की या वयात उघड्यावर झोपणं म्हणजे न्यूमोनियाला हाताने बोलावणं. कोरड्या, बंद खोलीत ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी मी काही करू शकणार नाही. त्या माणसाचा मला हेवा वाटला. त्याला पुढच्या वेळचं सांगता येत होतं.

परत आल्यावर मी तिच्या चार साड्या पिशवीत भरायला लागले. ती बाजेवरून बघत होती. म्हणाली, ‘‘कुठं न्हेतेस?’’

‘‘पनवेलला. बरं वाटेपर्यंत.’’

‘‘मी न्हाय येनार.’’

‘‘मग आत झोप. घरात.’’

‘‘आत पन न्हाय.’’

मला वाटलं, तापात हट्टाला पेटली आहे. मी आवाज चढवला, डॉक्टर काय म्हणाला ते दोनदा सांगितलं. ती ऐकत राहिली, मग कोपरावर उठून बसली आणि कुंपणापलीकडे बोट केलं. केसरकाकूच्या परसात मांडव होता. त्याच्या पलीकडे आणखी एक. वाडीभर, आणि वाडीपलीकडे वरच्या आळीतही, झापांचे, ताडपत्रीचे, जुन्या साड्यांचे मांडव. मी येताना ते पाहिले होते, पण बघितले नव्हते. ‘‘ही समदी माझ्याकडं बघून हायत,’’ आई म्हणाली. ‘‘यंत्र माझ्या परड्यात. पोरगी माझी भुकंपात. सकाळी पानी भरायला निघाली की बाया आधी बगतात, रखमीची पथारी कुठं हाय. भाईर हाय? मग आपन पन भाईर. मधी एकदा थंडी वाजली म्हनून घटकाभर आत जाऊन पडले दुपारी, तर केसरीनं सुनेला बाळासकट आत झोपवलंन. सून बाळंतीन हाय तिची. मला कळलं तशी मी उठून परत भाईर आले. आता मी आत गेले तर समदी आत जातील. तुझ्यासंगं आले तर म्हनतील, पोरीला कळलं, आयशीला न्हेलं, आनि गाव फुटेल, कोन कुठं पळेल. आता तू सांग, मी कुठं झोपू.’’

ऑफिसमध्ये आम्हाला ताकीद असते की भाकीत वाटेल असा एक शब्दही तोंडातून जाता कामा नये, आणि मी ती इतकी काटेकोर पाळली की नातेवाइकांच्या गटावर शुभ सकाळसुद्धा टाकत नाही. आणि इथे माझ्या तोंडातून निघालेलं एक ‘काही दिवस नको’ गोधडी होऊन परसात पसरलं होतं आणि गाव रोज सकाळी ते वाचत होतं. गावात एकच भाकीत चालू होतं आणि ते माझ्या आईच्या छातीवर चाललं होतं. मला तिथून उठून पळावंसं वाटलं. दाढ ठणकत होती. मी मांडवाच्या आढ्याकडे पाहिलं. तिथे कंदील टांगलेला होता, आणि तो हलत होता, पण ती वाऱ्याची झुळूक होती.

‘‘तुला खरंच ठाऊक न्हाय?’’ आईने विचारलं.

‘‘नाही.’’

‘‘माझ्यासाठी पन न्हाय?’’

‘‘नाही गं आई. असतं तर लपवलं असतं का?’’

मला वाटलं तिचाही विश्वास बसला नाही. मग तिने गोधडी ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी दत्ताकाका आले. दत्तात्रेय हे त्यांचं नाव. वरच्या आळीतले, वाडीत चार खोल्या बांधून पाहुण्यांना भाड्याने देतात. धक्क्यांपासून त्यांच्याकडे कुत्रं फिरकत नव्हतं. कुंपणाशी उभे राहून ते मला ‘जय भीम’ म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी गोंधळून नमस्कार केला. ते माणूस म्हणून वाईट नाहीत, बाबांच्या मौतीला आले होते, जरा लांब उभे होते पण आले होते. ‘‘काय गो मैत्री,’’ ते म्हणाले, ‘‘आईला असं दंवात ठेवलंस? मी काय म्हणतो, रखमाबाईंना आमच्याकडे पाठव. पुढची खोली देतो, गरम पाणी आहे, सगळं आहे. राहू दे हवं तितके दिवस. लोकांनाही बघून धीर येईल.’’ मग आवाज खाली आला. ‘‘शनिवार-रविवार हातचे जातायत गो. कर्ज काढून बांधलंय. तू नुसती मान हलवलीस तरी पुरे.’’ त्यांचे डोळे थकलेले होते. मला त्यांची दयाच आली, आणि खरं सांगायचं तर मोहही झाला. येणार नाही, असं म्हणायचं. बाबांच्या आवाजात, ठाम. बहुतेक वेळा ते खरंच ठरतं, मालिका विझतात. आई गरम खोलीत झोपेल, यांची गिऱ्हाइकं येतील, केसरकाकूचं बाळ आत जाईल. एका शब्दात सगळी सुखी. मी म्हणाले, ‘‘काका, मला ठाऊक नाही.’’ ते वळून गेले. आई मांडवातून सगळं ऐकत होती. ‘‘इतक्या वर्सांनी घरात बोलावलंन,’’ ती म्हणाली, ‘‘ते पन स्लॅबखाली.’’ आणि तिला हसू आलं, हसण्यातून खोकला आला, आणि तो थांबेना. मी तिची पाठ चोळत राहिले. हाताखाली सगळी पाठ हादरत होती, आणि मी तोंड दुसरीकडे केलं.

तोपर्यंत मी एकाच प्रश्नाभोवती फिरत होते, येणार की नाही. गाव फिरत होतं, डॉक्टरबाई फिरत होत्या, दत्ताकाका फिरत होते, आणि ज्या बाईला त्याचं उत्तर नसतं हे पक्कं ठाऊक होतं तीही त्याच घाण्याला जुंपलेली. आईची पाठ चोळता चोळता माझी नजर घरावर गेली. चिऱ्याच्या भिंती, आजोबांच्या वेळच्या, मातीत बसवलेल्या. आणि त्यांच्यावर तो करडा जाड थर, कडेने कोकमाचे डाग पडलेला. मी आईला विचारलं, ‘‘विहिरीवरून येताना डोक्यावर भरलेला हंडा असतो, आणि कुणी मागून धक्का दिला तर?’’

‘‘हंडा पडंल. मी पन पडेन.’’

‘‘आणि डोकं रिकामं असताना दिला तर?’’

‘‘तर वळून श्या देईन.’’ मग तिनेही घराकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तिला कळलं होतं, आणि तिला कळावं म्हणूनच मी विचारलं होतं, तरी तिच्या चेहऱ्याकडे बघवेना. ‘‘तुझ्या बापाला हा स्लॅब बगायला मिळाला न्हाय,’’ ती म्हणाली. मी म्हणाले, ‘‘तू बोललीस तरच उतरवायचा.’’ सकाळी मला जाग आली तेव्हा बाज रिकामी होती. ती अंगात ताप असताना शिडी लावून वर गेली होती आणि स्लॅबवरची सुपारी सुपात भरत होती. वरूनच म्हणाली, ‘‘कान्ह्याला बोलाव.’’

कान्हा गवंडी. त्यानेच तो स्लॅब घातला होता, आणि स्वतःचं काम फोडायला आलेल्या माणसाचं तोंड जसं असायला हवं तसंच त्याचं होतं. खालून टेकू लावले, दोन माणसं घण घेऊन वर चढली. पहिला घाव पडला तेव्हा माझे दात वाजले. आई कुंपणाशी उभी राहून बघत होती, शालीत गुंडाळलेली, आणि बघता बघता वाडी गोळा झाली. माझा फोन वाजला. ऑफिसमधून निकेत होता, आमच्याकडे पडद्यांवर लक्ष ठेवणारा मुलगा. ‘‘मॅडम, तुमच्या गावच्या यंत्रावर काय चाललंय? सगळी रेघ काळी झालीय. एकामागून एक येतायत.’’ मी म्हणाले, ‘‘भूकंप नाही रे. माझं घर फोडतायत.’’ तो म्हणाला, ‘‘कोण?’’ मी म्हणाले, ‘‘मीच. गोंगाट म्हणून नोंदव आणि सोडून दे.’’

केसरकाकू नातवाला खांद्यावर घेऊन आईशेजारी येऊन उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ‘‘रखमे,’’ ती म्हणाली, ‘‘म्हंजे मोठा येनार हाय.’’ सगळे वळून आईकडे बघायला लागले. कुंपणाच्या टोकाला दत्ताकाकाही होते. घण मध्येच थांबले, कारण वरच्या माणसांनाही ऐकायचं होतं. मी पुढे झाले, पण आईने हात आडवा केला.

‘‘तिला ठाऊक न्हाय,’’ आई म्हणाली. ‘‘म्हनून तर फोडतोय.’’

केसरकाकूने वळून आपल्या घराकडे पाहिलं, वरच्या बाजूला. मग आणखी कुणीतरी पाहिलं. दत्ताकाकांनी मात्र माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चार खोल्या अशा फोडून सुटणाऱ्या नव्हत्या. त्यांना मी नंतर भिंतींच्या कोपऱ्यांचं, पट्ट्यांचं, आधारांचं बरंच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि शेवटी खर्च विचारला.

स्लॅब उतरायला आणि भिंतींच्या माथ्यावरून सळईचा पट्टा फिरवायला बरेच दिवस गेले. मी रजा वाढवत राहिले. आईची छाती औषधांनी मोकळी होत आली होती, रात्री तिला मी दोन गोधड्यांत आणि ताडपत्रीत बांधून ठेवत होते. मधे एकदा खरा धक्का आला, दुपारचा, लहान. भांडी वाजली, कुत्री भुंकली, आणि रचलेल्या मातीच्या ढिगावरून थोडी माती घरंगळली. एवढंच. येणारा मोठा असेल, नसेल. जीव टांगणीला लागायची माझी सवय काही त्याने सुटली नाही. कान्ह्याने शेवटचे तुकडे बाहेर काढले त्या संध्याकाळी घर झाडून घेतलं. दुसऱ्या दिवशी छपराच्या लोखंडी कैच्या आणि पत्रे चढणार होते. आई म्हणाली, आज आत बसून चहा घेऊ. तिने चूल आतच पेटवली, मधल्या खोलीत दोन पाट मांडले, एका पाटावर मला बसवलं. बाबांचा फोटो पुन्हा भिंतीला लागला होता. समुद्राचा आवाज भिंतींच्या वरून थेट आत येत होता.

तिने बशीत चहा ओतला आणि फुंकर घालता घालता विचारलं, ‘‘आनि वारा आला तर? पयल्यासारका?’’

हे ती विचारणार हे मला ठाऊक होतं. मी त्याचीच वाट बघत होते.

‘‘तर पत्रे जातील,’’ मी म्हणाले. ‘‘घट्ट बांधू, तरी कदाचित जातील. पण वाऱ्याचं आधी कळतं, आई. रिक्षा फिरते. तू पेटी घेऊन शाळेत जाशील, आणि मी तुला न्यायला येईन. तेवढा वेळ मिळतो.’’

बशी रिकामी झाली तरी ती आईच्या हातातच होती.

‘‘मंग चालंल,’’ ती म्हणाली. ‘‘सांगून येतो त्याचं काय न्हाय. त्याला चा तरी पाजता येतो.’’

आणि उठून ती बाहेर गेली, मांडवातली गोधडी काढून आणली आणि माझ्या शेजारी जमिनीवर पसरली. कुंपणापलीकडे केसरकाकूचं बाळ रडत होतं. खालून काहीतरी गुरगुरल्यासारखं वाटलं. मी पाटाची कड धरली आणि सवयीने वर पाहिलं. वर काहीच नव्हतं.